रावेरची पावती, बार्सिलोनाचं टेबल

‘वीकेंडला कुठे?’ या प्रश्नाला ऑफिसात लोणावळा, फार तर अलिबाग, अशी उत्तरं येतात. मी म्हटलं, रावेर. समोरचे चेहरे कोरे. अरे, केळी खाता ना?

भुसावळ-खंडवा लाइनवरचं हे स्टेशन. मामाकडे वरण-बट्टी झाली, केळीच्या बागेतून चक्कर झाली. रात्री मामाने कपाटातून पिवळी पडलेली ठेव पावती काढली. केळीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवलेले, संस्था बुडाली. ‘तू फायनान्समध्ये ना? मग सांग, हमी कोणाची होती?’

उत्तर टाळायला मी सकाळी बऱ्हाणपूर गाठलं. आज मध्य प्रदेशात, पण एकेकाळची खानदेशची राजधानी. सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून माल इथे यायचा आणि पुढे आग्र्याला जायचा. रोकड नेली तर वाटेत लुटारू, म्हणून सराफाची हुंडी घ्यायची. 17व्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहितो, इथून सुरतेवरच्या हुंडीला अडीच ते तीन टक्के पडत. मागे हमी एकच, सराफाची पत. आपल्या डीडीची खापरपणजीच म्हणा ना!

याच प्रश्नाने युरोपही हैराण होता. बार्सिलोनात 1360 मध्ये फ्रान्सेस्क कास्तेयो या दिवाळखोर पेढीवाल्याचं त्याच्याच पेढीसमोर डोकं उडवलं. (आपल्याकडे नुसती चौकशी लागते.) पण डोकं उडवून ठेवी थोड्याच परत येतात? शेवटी 1401 मध्ये शहरानेच पेढी काढली. नाव ‘ताउला दे कान्वी’, म्हणजे नाणी बदलायचं टेबल. युरोपातल्या पहिल्या सार्वजनिक बँकांपैकी ही एक. ठेवींना जामीन शहर स्वतः. अर्थात पुढे यादवी युद्धात, 1468 साली, तिलाही पैसे देणं थांबवावं लागलंच.

संध्याकाळी मामाला हे सगळं सांगितलं. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला विमा 1962 पासून आहे, 2020 पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेला तो लागू नाही.

‘पाटीवर तर बँकेसारखंच दिसत होतं,’ मामी म्हणाली.

मामाने पावती घडी करून पुन्हा कपाटात ठेवली. मग माझ्या बॅगेत केळ्यांची एक फणी कोंबली. गाडी रात्रीची होती.