बंद खोलीतले यंत्र

माळव्यातील एका शहरात, जुन्या पेठेतल्या एका माडीवर मराठी ग्रंथालय आहे. वाचक वर्षागणिक कमी होत गेले, तरी सायंकाळी पाचला दार उघडण्याचा नेम तेथे चुकलेला नाही. या ग्रंथालयाची तालिका आतल्या लहान खोलीतील एका संगणकात आहे. एका निवृत्त शिक्षकांनी अकरा वर्षे रोज तासभर बसून ती सिद्ध केली. पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती आणि शेवटी, ते कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिले, हेही. शिक्षक गेले, नोंदी मागे राहिल्या.

त्या संगणकावर विंडोज 7 ही प्रणाली होती. शिक्षकांनी वापरलेली मराठी टंकलेखनाची आज्ञावली पुढच्या प्रणालीवर चालत नव्हती. म्हणून यंत्र बदलायचे नाही आणि त्याला इंटरनेटही जोडायचे नाही, असे कार्यकारिणीने ठरविले. ‘‘जे जाळ्यातच नाही, ते जाळ्यात सापडेल कसे?’’ असा चिटणिसांचा युक्तिवाद असे.

ग्रंथपालांना तो पटत नसे. हिशेबनिसांचा पेन ड्राइव्ह दर महिन्याला त्याच यंत्राला लागत होता. 2010 मध्ये उजेडात आलेला स्टक्सनेट हा विषाणू अशाच पेन ड्राइव्हमधून, इंटरनेटशी संबंध नसलेल्या यंत्रांत शिरला होता. पुढे 12 मे 2017 रोजी वॉनाक्रायने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती 14 मार्चलाच प्रसिद्ध झालेली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना त्या दोन महिन्यांची किंमत मोजावी लागली. ग्रंथालयाच्या यंत्रावर तर वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या साचल्या होत्या. 14 जानेवारी 2020 रोजी या प्रणालीला मिळणारा विनामूल्य आधार संपला, तेव्हा निदान तोवरच्या दुरुस्त्या तरी बसवाव्यात, असे ग्रंथपालांच्या मनाने घेतले.

फेब्रुवारीत त्यांची भाची सुट्टीला आली. ती अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. इंटरनेट असलेल्या संगणकावर सगळ्या दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या आणि पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रावर बसवायच्या, यासाठी तयार केलेला एक संच तिच्याजवळ होता. त्यात मायक्रोसॉफ्टची एक यादीही असते. ती यंत्राची तपासणी करून काय कमी आहे तेवढे सांगते. प्रत्यक्ष दुरुस्त्या वेगळ्या आणाव्या लागतात. ‘‘म्हणजे तालिका,’’ ग्रंथपाल म्हणाले, ‘‘ग्रंथ नव्हेत.’’

यंत्राला हात लावण्यापूर्वी तिने विचारले, ‘‘काका, या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे?’’ कपाटातून एक सीडी निघाली. ती वाचता येईना. अकरा वर्षांचे श्रम एकाच जुन्या चकतीवर, एकाच खोलीत पडून होते. ती सायंकाळ दोघांनी केवळ प्रती काढण्यात घालविली. एक प्रत भाचीजवळ राहिली, एक ग्रंथपालांच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संच चालविला, तो क्षणात थांबला. त्याने मागे ठेवलेली नोंदवही भाचीने उघडून वाचली. विंडोज अपडेट ही सेवाच कोणी तरी बंद करून ठेवली होती. इंटरनेट नाही, तर तिचा उपयोग काय, असा त्यामागचा विचार असावा. पण दुरुस्ती पेन ड्राइव्हवरून आली तरी बसविण्याचे काम तीच सेवा करते. ती चालू करताच शोध सुरू झाला आणि तासन् तास चालला.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्राची मुदत जुळत नसल्याची तक्रार आली. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. वीज गेली की यंत्र 1 जानेवारी 2009 या दिवशी परत जात होते. आतली गोल बॅटरी संपलेली होती. 2009 सालात उभ्या असलेल्या यंत्राला पुढच्या काळातली प्रमाणपत्रे ग्राह्य कशी वाटावीत? पेठेतल्या घड्याळजीकडून नवी बॅटरी आणली, दिनांक लावला, तेव्हा अनेक दुरुस्त्या एकामागून एक बसल्या.

तरीही 2019 च्या उत्तरार्धातील दुरुस्त्या यंत्र नाकारीतच होते. प्रत्येक दुरुस्तीवर निर्मात्याची सांकेतिक मुद्रा असते. शा-1 नावाच्या जुन्या पद्धतीचा भरवसा उरला नव्हता. दोन वेगवेगळ्या फायलींवरून एकच ठसा निघू शकतो, हे संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिले होते. म्हणून नव्या दुरुस्त्या केवळ शा-2 च्या मुद्रेने येऊ लागल्या, आणि ती मुद्रा ओळखण्याची विद्या जुन्या यंत्राला नव्हती. ती देणाऱ्या दोन दुरुस्त्या मार्च 2019 मध्येच आल्या होत्या; त्या आधी बसवाव्या लागतात. भाचीचा संच जुन्या आवृत्तीचा, त्याला हा क्रम ठाऊक नव्हता. ग्रंथपालांना मोडीची दप्तरे आठवली. मजकूर खरा असतो, शिक्का खरा असतो. वाचणाऱ्याला लिपी येत नसली तर कागद तसाच परत जातो. त्या दोन दुरुस्त्या वेगळ्या आणून हाताने बसविल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि रात्री साडेनऊला शोधाअंती यादी रिकामी आली.

ग्रंथपालांनी चिटणिसांना वृत्तांत सांगितला, पण यंत्र आता सुरक्षित झाले असे म्हटले नाही. या कड्या आजवरच्या फटींसाठी आहेत. उद्या नवी फट निघाली तर तिच्यासाठी कडी यायची नाही. नोंदी या यंत्रातून आणि त्या टंकातून सोडवून युनिकोडमध्ये न्यायला हव्यात, एवढेच त्यांनी मागितले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि ‘‘करा,’’ म्हणाले.

मार्चअखेर देशभर टाळेबंदी आली. पाच वाजता उघडणारे दार प्रथमच बंद राहिले. घरी नेलेली प्रत ग्रंथपालांच्या हाताशी होती. भाचीने फोनवरून सांगितलेल्या रीतीने नोंदी नव्या लिपिसंकेतात उतरल्या, पण जोडाक्षरे जागोजागी मोडली होती. रोज तासभर बसून ते ती दुरुस्त करू लागले. त्या कामाला कोणताही संच नव्हता. प्रत्येक नोंदीच्या अखेरीस एक नाव येई, आणि ते शुद्ध उमटल्याची खात्री झाल्यावाचून ते पुढच्या नोंदीकडे वळत नसत.