सिस्टरची जागा

घरात कोणी रुग्णालयात दाखल झाले की रात्रभर उशाशी जागणारी, वेळच्या वेळी औषध देणारी परिचारिका सर्वांनाच हवी असते. ती आपल्या घरातील मुलगी असावी, असे मात्र सुखवस्तू कुटुंबांत सहसा कोणाला वाटत नाही. मुलीने डॉक्टर व्हावे, सनदी लेखापाल व्हावे. नर्सिंगचे नाव काढले की बैठकीत शांतता पसरते.

पश्चिम आफ्रिकेतील लागोस शहरातही हेच होते. तेथील एका प्रतिष्ठित घराण्यात जन्मलेल्या कोफोवोरोला यांना परिचारिका व्हायचे होते. वडिलांनी त्यांना परावृत्त केले. नायजेरियावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि स्थानिक परिचारिकेला समाजात मान नव्हता. मुलीने ऐकले. ती शिक्षिका झाली, काही वर्षे शाळेत शिकवले, 1941 मध्ये औषधनिर्मात्या श्री. प्रॅट यांच्याशी विवाह केला. गोष्ट येथे संपली असती, तर ती असंख्य घरांतील गोष्टींसारखीच झाली असती.

पती वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. 1946 मध्ये श्रीमती प्रॅट यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल स्कूलमध्ये प्रवेश घेतला. वय तिशीचे, संसार मांडलेला, हातात शिक्षिकेची पदविका. अशा स्त्रीने अठरा-वीस वर्षांच्या मुलींबरोबर वॉर्डातील खाटा आवरण्यापासून प्रारंभ करणे सोपे नसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून 1860 मध्ये ही शाळा निघाली होती, आणि खुद्द नाइटिंगेल यांच्या श्रीमंत घरानेही त्यांच्या या व्यवसायास दीर्घकाळ विरोध केला होता. लागोसच्या वडिलांचे म्हणणे, म्हणजे, केवळ लागोसचे नव्हते.

एका रुग्णाने कृष्णवर्णी परिचारिकेकडून शुश्रूषा करून घेण्यास नकार दिल्याचीही नोंद आहे. शुश्रूषा करणाऱ्याचा हात झिडकारला जाणे हा अपमान विशेषच जिव्हारी लागणारा. त्या शिकत राहिल्या. दरम्यान 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. 1950 मध्ये श्रीमती प्रॅट नोंदणीकृत परिचारिका झाल्या. त्या सेवेत काम करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णी परिचारिकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. लंडनमध्ये राहून सुखाने नोकरी करता आली असती.

1954 मध्ये त्या मायदेशी परतल्या. खरी कसोटी येथे होती. आपल्याकडे प्रत्येक परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे. ब्रिटिश रुग्णालयांत मात्र सिस्टर म्हणजे संपूर्ण वॉर्डाची प्रमुख. त्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा प्रथम नकार मिळाला, कारण अशा जागा इंग्लंडहून आलेल्या स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या असत. लंडनच्या ज्या शाळेचे नाव साऱ्या जगात चालत होते, तेथील शिक्षण स्वतःच्या गावी अपुरे ठरले. खात्यावर पुरेशी रक्कम असूनही धनादेश परत यावा, तसा हा प्रकार.

तरीही त्या लंडनला परतल्या नाहीत. पुढे इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पायरी पायरीने वर चढत 1964 मध्ये त्या तेथील पहिल्या नायजेरियन मेट्रन झाल्या. देश 1960 मध्ये स्वतंत्र झाला होता. मेट्रनच्या खुर्चीपर्यंत ते स्वातंत्र्य पोहोचण्यास आणखी चार वर्षे लागली. नंतर त्यांनी देशाच्या मुख्य परिचर्या अधिकारी म्हणून काम पाहिले. इबादान विद्यापीठात परिचर्या विभाग उभा राहिला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पदवीसाठी मुलींना समुद्र ओलांडावा लागू नये, ही त्यामागची निकड त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार!

1973 मध्ये त्यांना रेडक्रॉसचे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळाले. त्याच सुमारास लागोस राज्याच्या आरोग्य खात्याचा कारभारही त्यांच्याकडे आला. वडिलांनी ज्या शहरात नर्सिंगला नकार दिला होता, त्या शहरातील रुग्णालये आता त्यांच्या देखरेखीखाली होती.