देवांनी रात्र केली

मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला की कर्जतच्या बाजारात ठाकरणी शेवळं घेऊन बसतात. समोर शेवळांच्या जुड्या आणि शेजारी मूठभर काकडं. ती घातल्याशिवाय शेवळं घशाला खवखवतात, म्हणून दोन्ही एकत्रच विकायची. आई तिथे वाकून भाजी निवडायची आणि आम्ही दोघं तिच्या पदराच्या दोन टोकांना लोंबकळत असायचो, एकाच ताग्यातून शिवलेले कपडे घालून. एकदा एका म्हाताऱ्या ठाकरणीने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जावळी का गं बाय?"

आई हो म्हणाली.

"थोरलं कंचं?"

"हा. सात मिनिटांनी थोरला."

म्हातारी हसली. "म्हंजी ह्यो वाट बगाया म्होरं आला, आन ही मागं ऱ्हाऊन घर झाडून आली."

आईला ते इतकं आवडलं की पुढे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. भाऊ छाती काढून ऐकायचा. त्या वाक्याचा राग यायला मला पंधरा वर्षं लागली. ओसरायला त्याहून जास्त लागली.

मराठीत भावंडं पाठीवर येतात. माझ्या पाठीवर दोन बहिणी, तिचा पाठचा भाऊ, असं आपण सहज बोलतो. एकाने जागा सोडायची आणि दुसऱ्याने त्याच्या मागून यायचं, अशी ती रीत. जुळ्यांना पाठ नसते. त्यांना शेजार असतो, आणि तोही या जगात यायच्या आधीपासूनचा. नव्या नवरीला जोडकेळं खाऊ देत नाहीत, जुळं होईल म्हणून. लहानपणी मी केळ्यांच्या फण्यांत असं जोडकेळं शोधायचे आणि हळूच सोलून बघायचे. साल एक आणि आत दोन. ती सोडवताना कुठे ना कुठे एकाचा गर दुसऱ्याला चिकटून यायचा.

आमचे वडील रेल्वेत, घाटात कामाला होते. कर्जत सुटलं की पळसदरी, मग जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल आणि खंडाळा. ही नावं आम्ही पाढ्यांसारखी पाठ केली होती. त्यातलं ठाकूरवाडी माझं. तिथे ना बाजार ना तिकीटघर. कातळ, सिग्नल, बोगद्याचं तोंड, आणि पावसाळ्यात चहूकडून पाणी. प्रवासी या नावाची पाटी वाचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. ठाकूरवाडी हे नाव धरून कर्जत-खालापुरात शोधायला निघालात, तर एका जागी थांबताही येणार नाही. जिथे ठाकरांची पाच-पंचवीस घरं डोंगराला टेकून बसली, तिथे ठाकूरवाडी. कुणी ठाकरवाडी म्हणतं, कुणी नुसतंच वाडी.

घाट चढताना गाडीला कर्जतला मागून इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ, पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बसचा नाही. भाऊ म्हणायचा, मी पुढचं इंजिन. मग मी? तू बँकर. मला ते मान्य होतं. मागून ढकलणारं इंजिन घाट संपला की सोडवून परत कर्जतला आणतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

२०२१च्या सुरुवातीला भावाच्या मुलीने माझ्या हातात मोबाईल दिला. "आत्या, ही बघ. ही पण जुळी आहे." पडद्यावर वांडा मॅक्सिमॉफ होती. नऊ भागांची 'वांडाव्हिजन' नावाची मालिका. एरवी मी सुपरहिरोंच्या वाटेला जात नाही. आकाशातून उडत येऊन शहरं वाचवणाऱ्या माणसांशी माझं काय नातं? पण 'जुळी' हा शब्द ऐकला आणि मी बसले. नंतर भाचीनेच एकेक सांगत मला मागे मागे नेलं, पार मूळ कॉमिक्सपर्यंत.

वांडा आणि तिचा भाऊ पिएत्रो पहिल्यांदा छापले गेले १९६४ साली, 'एक्स-मेन'च्या चौथ्या अंकात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ते रचले. तिचं नाव स्कार्लेट विच, लाल चेटकीण. त्याचं क्विकसिल्व्हर, पारा. गंमत अशी की ती दोघं आली ती खलनायकाच्या टोळीतून. त्यांचं बालपण लेखकांनी नंतर, तुकड्यातुकड्यांनी भरलं. एका दूरच्या डोंगरावर त्यांचा जन्म झाला. आई बाळंत झाली आणि दोघांना तिथेच ठेवून निघून गेली. डोंगराखालच्या भटक्या जमातीतल्या एका जोडप्याने त्यांना वाढवलं. पुढे गावकऱ्यांनी त्यांच्या पालांवर हल्ला केला. पिएत्रोने बहिणीचा हात धरला आणि तो पळाला. वाऱ्यासारखं पळणं ही त्याची शक्ती म्हणून नंतर नावाजली गेली. मला वाटतं, ती त्या रात्रीच्या भीतीतून आली असावी. मग ही पोरकी मुलं रानोमाळ हिंडत राहिली. एका गावात वांडाच्या हातून नकळत आग लागली आणि लोक चेटकीण, चेटकीण म्हणून तिच्या अंगावर धावले.

हा शब्द परदेशी कॉमिक्समध्ये रंगीत दिसतो. आपल्याकडे त्याला रक्ताचा वास आहे. डाकीण ठरवून बायकांना झोडपल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून येत राहिल्या. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेल्यावर. म्हणून ती चित्रं बघताना मला जादू दिसेना. दिसलं एवढंच की एक पोर घेरली गेली आहे आणि एक मुलगा तिच्यापुढे हात पसरून उभा आहे.

ते पसरलेले हात मात्र त्याने पुढे खाली घेतलेच नाहीत. दोघं मोठी झाली, १९६५ साली ॲव्हेंजर्सच्या चमूत आली, तरी पिएत्रो तसाच आडवा. वांडाने कुणाशी बोलावं, कुणाच्या जवळ जावं, हे तो ठरवणार. तिचं व्हिजनवर, एका यंत्रमानवावर, प्रेम बसलं तेव्हा सगळ्यात जास्त संतापला तो भाऊच. आणि २००५च्या 'हाऊस ऑफ एम'मध्ये दुःखाने भान हरपलेल्या बहिणीला सगळं जगच नव्याने घडवायला लावतो तोही पिएत्रो. तिला वाचवायलाच तो ते करतो. वाचवता वाचवता तिच्या हातून जगाची उलथापालथ घडवतो.

माझ्या भावाने जग उलथवलं नाही. त्याने एक फॉर्म भरला नाही. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. फॉर्म नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे होतं. मुदत टळून गेल्यावर तो म्हणाला, पावसात घाटात गाड्या अडकतात, दरडी येतात, तू एकटी कुठे अडकून बसशील? त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. हेच मला जास्त लागलं. शत्रूशी भांडता येतं. सात मिनिटं आधी येऊन वाट बघून ठेवलेल्या माणसाशी कसं भांडायचं? त्याआधी शाळेच्या सहलीबरोबर इर्शाळगडावर जायचं होतं तेव्हाही त्याने वडिलांना सांगून मला घरी बसवलं होतं. वर निसरडं असतं म्हणे. पुढे लग्न होऊन मी कर्जत सोडलं आणि चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. तो यायचा, ताटात ओवाळणी ठेवायचा. आम्ही तिऱ्हाइतांसारखे पावसापाण्याचं बोलायचो.

बहीणभावाच्या या सणाच्या मुळाशीही एक जुळी जोडीच आहे, हे आपण विसरतो. यम आणि यमी. पुराणांत ती सूर्याची मुलं. त्यांच्याही आईला, संज्ञेला, नवऱ्याचं तेज सोसवेना, म्हणून ती मुलांजवळ आपली सावली ठेवून निघून गेली. सावलीने वाढवलेली ही भावंडं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं दहावं सूक्त या दोघांचा संवाद आहे, चौदा ऋचांचा, आणि ते उघडउघड भांडण आहे. यमी म्हणते, गर्भातच आपली जोडी केली गेली, मग आता वेगळं का? यम नाही म्हणतो, नियमाकडे बोट दाखवतो. ती त्याला दुबळा म्हणते. तिची मागणी आपल्याला पटणारी नाही. पण गर्भातल्या शेजाराचा दाखला देणारा तिचा आवाज मी ओळखते. एकदा जवळ असलेल्याने आता रेघ मारून पलीकडे उभं राहावं, हे तिला समजत नाही.

आणि मग ती दुसरी गोष्ट, मैत्रायणी संहितेतली. नाशिक-खानदेशाकडे या शाखेची घरं आजही आहेत. यम मेला. देव यमीची समजूत काढायला आले. ती म्हणे, आजच तर गेला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, आजच गेला. कारण तेव्हा रात्र नव्हती, नुसता दिवसच होता. देव आपसात म्हणाले, ही अशी विसरायची नाही, आपण रात्र करू या. त्यांनी रात्र केली. रात्र झाली म्हणून उद्या आला, आणि उद्या आला तेव्हा ती विसरली.

एवढीच गोष्ट. मी ती पहिल्यांदा वाचली आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आपण रात्रीला अंधार म्हणतो, भीती म्हणतो. या गोष्टीत ती एका बहिणीसाठी केलेलं औषध आहे.

वांडाला हे औषध लागू पडत नाही. 'एज ऑफ अल्ट्रॉन' या २०१५च्या सिनेमात तिचं बालपण वेगळं सांगितलं आहे. ही दोघं दहा वर्षांची असताना घरावर तोफगोळा पडतो, जमीन दुभंगते, आईवडील त्यात जातात. पिएत्रो तिला ओढून पलंगाखाली घेतो. दुसरा गोळा येऊन पडतो, पण फुटत नाही. ढिगाऱ्यात दोन दिवस ती मुलं त्या न फुटलेल्या गोळ्याकडे बघत पडून असतात. मोठेपणी, शेवटच्या लढाईत, तो तिला आठवण करून देतो की मी तुझ्याहून बारा मिनिटांनी मोठा आहे. थोड्याच वेळात तो दुसऱ्यांना वाचवताना मरतो. ती ते पाहत नाही. दूर असताना तिला ते आतून कळतं आणि ती गुडघ्यांवर कोसळते. 'वांडाव्हिजन'मध्ये तर तिने दुःखाला घाबरून एक अख्खं गाव खोट्या दिवसांनी भरून टाकलं आहे. तिथे दार उघडलं की समोर भाऊ उभा. चेहरा वेगळा, माणूस वेगळा, तरी ती त्याला आत घेते. देवांनी यमीसाठी रात्र केली. वांडाने रात्रच होऊ दिली नाही.

१९ जुलै २०२३. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकरांचीच वाडी. रात्री जेवणं उरकून माणसं आडवी झाली होती. डोंगर खाली आला. दरडींच्या धोक्याच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. वर जायला गाडीरस्ता नव्हता. हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना, मोठी यंत्रं चढेनात. माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसला. चढण चढतानाच एका अग्निशमन अधिकाऱ्याचं हृदय बंद पडलं.

सकाळी बातमी बघून मी भावाला फोन लावत राहिले. लागेना. खालून वर चालत निघालेल्यांत तोही होता, पाण्याचे कॅन घेऊन. मला ज्या डोंगरावर त्याने कधी जाऊ दिलं नाही, त्याच डोंगरावर. रात्री उशिरा त्याचाच फोन आला. काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही. बराच वेळ पलीकडून नुसता पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाला, "तू घरी आहेस ना?"

मी म्हटलं, हो, घरीच आहे.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मी कर्जतला गेले. फॉर्मबद्दल त्याने काही म्हटलं नाही, मीही काढलं नाही. औक्षणाचं ताट हातात असताना मला ती म्हातारी ठाकरीण आठवत होती, आणि वाट बघायला पुढे आलेला मुलगा किती घाबरत आला असेल, हे मनात येत होतं.

इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. ती ज्या मातीत आहेत तिथेच त्यांना राहू द्यावं, असं ठरलं. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं, मग सिडकोने त्यांच्यासाठी खाली घरं बांधली. कुणाचा भाऊ वर आहे, कुणाची बहीण. देह हाती लागला नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तो आजच गेलेला आहे.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, गडाची वाट धरलीत, तर त्या उतारावर गाणी लावू नका. हळू बोला. खाली माणसं झोपलेली आहेत.