वहीतला फुटबॉल

तुमच्या ऑफिसमध्ये एक तरी असा नग असणारच. रात्री दीडला अलार्म लावून चॅम्पियन्स लीग बघायची, सकाळी लाल डोळ्यांनी लॉग-इन करायचं आणि कुणी विचारलंच तर ‘काल आपण हरलो ना यार’ म्हणून सुस्कारा सोडायचा. ‘आपण’ म्हणजे लिव्हरपूल! साहेबांनी लिव्हरपूल नकाशावरसुद्धा कधी शोधलेलं नसतं. मला या ‘आपण’ची भारी गंमत वाटायची. मग २०२२ मध्ये माझी कोल्हापूरला बदली झाली.

थोडं बॅकग्राऊंड. मी मूळचा म्हसावदचा. नाही ना ऐकलंत? नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. शहाद्याहून तोरणमाळला निघालं की वाटेत सातपुडा जवळ जवळ यायला लागतो, तिथलं आमचं गाव. केळी, पपई, ऊस, कापूस. खेळ म्हणाल तर क्रिकेट आणि कबड्डी, संपलं. गावातल्या पोरांच्या पायाला फुटबॉल लागला तो २०१७ मध्ये. त्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता, म्हणून सरकारने १५ सप्टेंबरला ‘मिशन वन मिलियन’ काढलं. राज्यभर शाळांना फुटबॉल वाटले, एकाच दिवशी सगळ्या पोरांनी खेळायचं. माझा धाकटा भाऊ तेव्हा नववीत. त्यांच्या बॉलला आठवड्याभरात बाभळीचा काटा लागला आणि सरकारी मोहीम संपली. पण भावाला तोवर किडा चावला होता. कापूस उपटून झाला की मोकळ्या शेतात तो आणि दहा-बारा पोरं अजूनही खेळतात. क्लब नाही, जर्सी नाही, संघाला साधं नावही नाही.

आणि इकडे कोल्हापूर! इथे पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला फुटबॉलचा संघ. मूळ तालमी कुस्तीच्या, राजर्षी शाहू महाराजांनी ज्यांना बळ दिलं त्या. लाल माती अजून आहे, खासबागही आहे, पण तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी गप्पा चालतात त्या फुटबॉलच्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ... ही नावं इथे मोहन बागान-ईस्ट बंगालच्या आवेशात घेतली जातात. २०१७ च्या त्याच वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव या गावचा, रिक्षाचालकाचा मुलगा. हे मला माझ्या पहिल्या आठवड्यात पाच वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. त्यातले दोघे बँकेत केवायसीची कागदं द्यायला आले होते.

मी खोली घेतली ती नेमकी एका तालमीच्या समोर. पेठेचं नाव सांगत नाही. पुढचं वाचलंत की कळेल का. वर लिहिलेल्या मोठ्या नावांतली आमची तालीम नव्हे, एवढं पुरे.

बॅचलर माणूस, संध्याकाळी करायचं काय? कट्ट्यावर बसायला लागलो. तालमीतले एक मामा आहेत. साठीचे असतील, आख्खी पेठ त्यांना मामाच म्हणते. त्यांनी विचारलं, ‘‘काय काम करतोस?’’ म्हटलं, बँकेत. ‘‘मग हिशेब येत असंल की!’’ झालं. दुसऱ्या दिवशी एक लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्या मांडीवर. ज्याने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नाही असा मी, संघाचा खजिनदार!

इथे थोडं सिरियस होतो, कारण ती वही वाचल्याशिवाय हा प्रकार कळत नाही. जमेच्या बाजूला वर्गणी. किराणावाला पाचशे, सराफ दोन हजार, सलूनवाला शंभर आणि सीझनभर खेळाडूंची कटिंग फुकट. जर्सीवर नाव लावणारा एक कारखानदार. खर्चाच्या बाजूला क्रेप बँडेज, बर्फ, लिंबं, अंडी, केळी, जर्सीची धुलाई, रिक्षा. केळ्यांचा डझनाचा भाव मी फोनवर आईला सांगितला तेव्हा ती इतकी हसली की वडिलांना फोन द्यावा लागला. आणि सगळ्यात मोठी रक्कम, बाहेरचा स्ट्रायकर. पूर्वी अकराच्या अकरा पोरं पेठेतली असायची म्हणे. आता सगळे बाहेरून आणतात. मध्यंतरी तर काही तालमींनी थेट आफ्रिकेतले खेळाडू आणले होते. मोठ्यांनी आणले की धाकट्यांनाही आणावे लागतात. आमचा स्ट्रायकर गोव्याचा, चोवीस वर्षांचा, अबोल. राहायची सोय तालमीच्या वरच्या खोलीत, जेवण पाळीपाळीने घरोघरी. तांबडा रस्सा पहिल्यांदा खाल्ल्यावर तो जे पाणी प्यायला...

सीझन सुरू होतो दिवाळीनंतर आणि वळवाचे पाऊस येईस्तोवर चालतो. आधी केएसएची लीग, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, सीनियर गटात सोळा संघ. मग नॉकआऊट स्पर्धा एकामागून एक. सगळं शाहू स्टेडियमवर, दुपारी एकापाठोपाठ दोन मॅचेस. तुम्ही म्हणाल, वर्किंग डेला दुपारी कोण जातं? बॉस, आख्खं गाव जातं! दुकानाचं शटर अर्धं ओढून जातात. मी लंच टाइम आणि अर्ध्या रजा यांचं जे गणित त्या वर्षी मांडलं, तसं बँकेच्या परीक्षेतही मांडलं नव्हतं.

सुरुवात तर झकास झाली. पहिल्या चारपैकी तीन मॅचेस जिंकल्या, गोव्याच्या पोराने पाच गोल मारले. १८ डिसेंबरला रात्री पेठेत पडदा लावून वर्ल्डकपची फायनल बघितली, अर्जेंटिना जिंकल्यावर फटाके, आणि त्या धुरात कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, ‘‘मेस्सीचं झालं, आता आपलं!’’ ‘आपलं’मध्ये मीही होतो, हे घरी जिना चढताना लक्षात आलं.

जानेवारीत शेजारच्या पेठेबरोबर मॅच. या मॅचबद्दल मला फार बोलायचं नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसवरून आठवडाभर आधीच पेटलं होतं. स्टेडियमवर बाटल्या आल्या, खेळ वीस मिनिटं थांबला, आमच्या गोलीच्या पाठीला दगड लागला. कोल्हापूरच्या फुटबॉलचं कौतुक करणारे लेख हा भाग गाळतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. ज्यांनी दगड मारले त्यांतल्या निम्म्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते विचारा, सांगता येणार नाही. दोन्हीकडच्यांना, हो, आमच्याही! आम्ही २-१ हरलो. आणि त्याच मॅचला, शेवटच्या दहा मिनिटांत, आमचा स्टॉपर पडला.

कुणी धक्का मारला नाही, काही नाही. वळताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. गॅलरीत बसलेल्या मलाही त्याचा ‘आई गं’ ऐकू आला. एमआरआयमध्ये निघालं, एसीएल तुटलंय, गुडघ्यातलं लिगामेंट. ऑपरेशन करून नवं बसवायचं, मग सहा ते नऊ महिने मैदान बंद. हा पोरगा तेवीसचा, पेठेतलाच, दुचाकीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. दिवसभर उकिडवं बसायचं आणि किक मारायची हे त्याचं काम. उजवा पाय म्हणजे त्याचा पगारच. विमा नाही. खर्चाचा अंदाज दीड लाखाच्या पुढे.

वहीत शिल्लक ब्याण्णव हजार. त्यातले ऐंशी स्ट्रायकरच्या दुसऱ्या हप्त्याचे. तुम्ही खजिनदार असतात तर?

मीटिंग तालमीतच झाली, रात्री दहाला, मारुतीच्या फोटोखाली. तरुण पोरांचं म्हणणं, स्ट्रायकर गेला तर आपण खालच्या गटात जाऊ, पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पुढच्या वर्षी स्पॉन्सरही मिळणार नाही. मुद्दा खोटा नव्हता. घसरलेल्या संघाला वर्गणी मागायला जाऊन बघा! मला विचारलं तेव्हा मी आकडे वाचून दाखवले आणि म्हटलं, आमच्या बँकेत हे प्रपोजल आलं असतं तर ऑपरेशनचं कर्ज नामंजूर झालं असतं, तारण नाही म्हणून. कुणी हसलं नाही. कोपऱ्यात पाय लांब करून बसलेला स्टॉपर स्वतःच म्हणाला, ‘‘स्ट्रायकर ठेवा. माझं बघतो मी कायतरी.’’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, ‘‘कायतरी म्हंजी काय बघणार हैस? आईचं डोरलं? गप बस तिथं.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘लिही रे. ऐंशी हजार, गुडघा.’’

मी तसंच लिहिलं. वहीत आजही तसंच आहे : गुडघा – ८०,०००.

गोव्याच्या पोराला सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा तोवरचा हिशेब पुरता चुकता केला. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, त्याच्या भावाचाही गुडघा असाच गेला होता, ऑपरेशन झालंच नाही, आता तो बारमध्ये कामाला आहे. जाताना बूट स्टॉपरसाठी ठेवून गेला. साइज जुळत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

उरलेले पैसे दारोदार फिरून जमवले. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, कधी स्टेडियमची पायरी चढलेल्या नाहीत, पण गुणतक्ता तोंडपाठ. त्यांनी भिशीचे पाच हजार दिले आणि बजावलं, ‘‘यांना सांगू नका.’’ अर्ध्या तासाने ‘यांनी’ येऊन तीन हजार दिले, ‘‘हिला सांगू नका.’’ शेजारच्या पेठेतून एका पाकिटात अकराशे रुपये आले, वर नाव नव्हतं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं.

आणि मैदानावर? विचारू नका! ज्युनियर पोरांना वर घेतलं होतं, त्यातला एक बारावीचा पेपर देऊन थेट ड्रेसिंग रूममध्ये यायचा. सहा मॅचेस हरलो. एक पाच गोलांनी. कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली की मामांनी भावनेच्या भरात संघ बुडवला. मामा चहा प्यायला यायचे, नेहमीच्या जागी बसायचे, काही बोलायचे नाहीत. मला विचाराल तर त्या दिवसांत पेठेत सगळ्यात दमदार डिफेन्स त्यांचाच होता.

शेवटच्या मॅचच्या दिवशी मी पूर्ण रजा टाकली, कारण ‘कौटुंबिक’. आमची मॅच पहिली. नव्वद मिनिटं पोरं गोलपोस्टसमोर भिंतीसारखी उभी राहिली. झिरो-झिरो. एक गुण. पण तो पुरेसा नव्हता. तक्त्यात आमच्या खालचा संघ दुसऱ्या मॅचमध्ये खेळत होता. तो जिंकला की आम्ही खाली. आणि त्यांच्याविरुद्ध कोण? तीच शेजारची पेठ!

आता डोळ्यांसमोर आणा. आमची चारेकशे माणसं, जी जानेवारीत त्या जर्सीला शिव्या घालत होती, ती त्याच जर्सीसाठी घसा फोडतायत. सुरुवातीला लाजत, नुसत्या टाळ्या. हाफटाइमला ते एका गोलने मागे पडल्यावर लाज सुटली. त्यांच्या सपोर्टर्सना काही कळेना. एक जण जाळीपाशी येऊन ओरडला, ‘‘तुमी कुठल्या पेठंचं रं?’’ आमच्यातला एक म्हणाला, ‘‘आज तुमच्याच!’’ ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर, गर्दी, कुणाच्या तरी खांद्याला लागून बॉल आत. १-१. मी मामांना मिठी मारली. त्यांना तंबाखू थुंकायची होती, पण मिठी आधी आली.

नॉकआऊटमध्ये पहिल्याच फेरीत टायब्रेकरवर बाहेर पडलो, ते सोडा.

जूनमध्ये वही बंद केली. शिल्लक ३४० रुपये. स्टॉपर तोवर वॉकर, मग काठी, मग काठीशिवाय चालायला लागला होता. गॅरेजवाल्या शेठनी त्याला पार्ट्सच्या काऊंटरवर बसवलं होतं, म्हणून तो वैतागायचा. गोव्याच्या बुटांत पुढे कापूस कोंबून त्याने ते एकदा घालून बघितले. फिजिओने बघितलं असतं तर ओरडला असता.

तालमीच्या माळ्यावर चार जुने बॉल होते, शिवण उसवलेली पण ब्लॅडर शाबूत. मामा म्हणाले, ‘‘तुझ्या गावाकडं पोरं खेळत्यात म्हणालास न्हवं? पाठीव.’’ शिवून घेतले, हवा काढली, पोत्यात भरले. पुण्यात बस बदलून, शहाद्यापर्यंत ओळखीच्या ड्रायव्हरच्या हवाली करत पार्सल चार दिवसांनी पोचलं. खर्चाच्या बाजूला लिहिलं : म्हसावद, पार्सल – २२०.

रात्री भावाचा फोन. ‘‘दादा, बॉल भेटनात. पन त्यावर नाव लिखेल शे.’’ खरंच की. चारही बॉलवर काळ्या मार्करने आमच्या तालमीचं नाव, चोरीला जाऊ नयेत म्हणून. पोरं आता त्याच नावाने टीम पाडतायत, शहाद्याच्या पोरांशी मॅचही ठरवलीय, खोडायचं का, असं तो विचारत होता.

मी कट्ट्यावर जाऊन मामांना विचारलं. ‘‘खोडतोय कशाला?’’ म्हणाले, ‘‘फक्त हरू नका म्हणावं.’’ मग वही मागवली, उरलेले १२० रुपये बघितले आणि विचारलं, हवा भरायचा पंप केवढ्याला येतो.