हजेरीपटावरचे नाव

आमच्या धाकट्या बहिणीचे लेकरू मुरबाडच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होते. मुलगी म्हणून जन्माला आले, शाळेच्या दाखल्यावर मुलीचे नाव लागले, आणि आज तो आमचा भाचा आहे. मराठीत याला मधला रस्ता नाही. आली म्हणा नाहीतर आला म्हणा, तोंड उघडले की निवाडा होतो. कारखान्यात त्याने यावर स्वतःच तोड काढली होती. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणे. आम्ही आलो, आम्ही जेवलो. यात बाई की पुरुष ते कळत नाही. लाइनवरच्या बायका हसत, “काय गं, पाटलीणबाई झालीस का?” आम्ही लिहिणारी माणसे हा शब्द ऐटीत वापरतो. त्याचा असा उपयोग आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

ही गोष्ट २०२२ सालची. तो राहायचा शहापुरात. किन्हवली, सरळगाव करीत एस.टी.ने मुरबाड गाठायचे आणि संध्याकाळी तसेच परत. मुंबईच्या सरकारी इस्पितळात आधी मनाच्या डॉक्टरांनी तपासले, मग इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत आवाज फुटला, ओठावर लव आली. बहिणीने घरात रडून घेतले आणि मग डबा भरून देऊ लागली. बायकांनीही फारसे मनावर घेतले नाही. अडले ते दुसरीकडेच.

१९४८ च्या कारखाना कायद्याने तेव्हा बाईमाणसाला आणि पुरुषाला वेगळे संडास द्यायचे असत. कायदा चांगलाच होता, बायकांच्या अब्रूसाठी केलेला. पण आमच्या भाच्याला बायकांच्या दाराशी सुपरवायझर हटकू लागला आणि पुरुषांच्या दाराशी जायची त्याची हिंमत होईना. त्याने दिवसभर पाणी पिणेच सोडले. सुटी झाली की मुरबाडच्या स्टँडवर जायचे. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, चार खाडे पडले. कंत्राटदार म्हणाला, “मस्टरवर बाई, गेटवर बाप्या. साहेब तपासायला आले तर मी काय दाखवू?”

एका जुम्याला नमाजनंतर तो आमच्याकडे आला. “मामू, तुम्हीच सांगा, काय करू?”

आम्ही सांगितले, राजीनामा दे. आधी कागदपत्रे बदलून घे, मग नव्या नावाने नवी नोकरी बघ. तेव्हा सल्ला शहाणपणाचा वाटला होता. खरे सांगायचे तर मनात जमातीतली कुजबुजही होती. मुरबाडचे चार लोक शहापूरच्या मशिदीत येतात, बोलतात. गोष्ट थोडी थंडावली तर बरे, असे आम्हाला वाटले. त्याने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ललित साळवेंची बातमी आम्ही तोवर वाचलेली होती, चहा पिताना कौतुकही केले होते. पोलिसात ते महिला शिपाई म्हणून भरती झालेले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाकारली, कारण स्त्री आणि पुरुष शिपायांच्या पात्रतेचे निकष वेगळे. ते उच्च न्यायालयात गेले, तिथून त्यांना मॅटकडे जायला सांगण्यात आले. अखेर मे २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. २०२० साली त्यांचे लग्न झाले. साळवेंनी मागितली होती रजा. नोकरी त्यांनी एक दिवसही सोडली नव्हती. एवढी साधी गोष्ट आम्हाला बातमीत दिसली नाही.

भाच्यासमोर हे कबूल केले तेव्हा तो म्हणाला, “मामू, त्यांना रजा नाकारल्याचा कागद मिळाला होता. तो घेऊन ते कोर्टात गेले. आम्हाला कोण लिहून देतो? आमचा कंत्राटदार नुसता फोन उचलत नाही.”

२०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी आणि लिंग बदलणाऱ्या माणसाशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली. डिसेंबर २०२२ मध्ये आर्या पुजारी आणि त्यांच्या सोबतिणीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवायला लावला. पण आपल्या हाताने राजीनामा लिहून देणाऱ्याने तक्रार कशाची करायची? ती वाट आमच्या सल्ल्याने बुजली होती.

जमातीत काहींनी विचारलेच, शरियतीत हे कुठे बसते? आम्ही मौलवी नाही. जुन्या फकीहांनी ‘खुन्सा’ माणसाचा वारसाहक्क आणि नमाजेतली जागा यांवर बारकाईने लिहिले, पुरुषांच्या आणि बायकांच्या सफांमध्ये त्याला उभे केले, एवढे आम्हाला ठाऊक आहे. तो विचार जन्मतः वेगळे शरीर असलेल्यांचा आहे, आमच्या भाच्याला तो जसाच्या तसा लागू होतो असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा माणसाला सफेतून बाहेर काढा, असे काही त्यांनी लिहिले नाही. आम्ही तेवढेच बोललो. कुणी वाद घातला नाही, कुणी हो म्हणूनही आले नाही.

आठ महिने तो घरी बसला. आता पडघ्याकडे एका गोदामात माल मोजतो, नव्या नावाने, पुरुषांच्या पाळीत. राजपत्रात नाव छापून आले, आधार बदलले. मात्र मुरबाडचा पीएफ अजून जुन्या नावावरच अडकला आहे. आधारशी नाव जुळत नाही म्हणून पैसे निघत नाहीत, आणि दुरुस्तीच्या अर्जावर त्याच्याकडे जुन्या मालकाचीही सही मागितली आहे. कंत्राटदाराने तीनदा “पुढच्या आठवड्यात या” म्हणून परत पाठवले.

येत्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. या खेपेला त्याला एकट्याला जाऊ देणार नाही. राजीनाम्याची आमच्या अक्षरातली नक्कल घरात सापडली आहे, ती आणि अर्ज एकाच पिशवीत घातले आहेत. सही मिळाली नाही, तर ‘देत नाही’ एवढे तरी लिहून मागायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.