ओवीचा परदेशी विद्यार्थी

बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर गुरुचरित्राच्या पारायणांत वाढलेल्या आम्हांस ओवी म्हणजे देवघरातील समईच. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स याच ओवीच्या पायाशी विद्यार्थी होऊन बसले. ख्रिस्तचरित्र गाण्यासाठी त्यांनी सुमारे ११ हजार ओव्या रचल्या. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. कोंकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. साष्टीची देवळे १५६७ साली ज्या राजवटीने पाडली, तिच्याच छत्राखाली ते वावरले. हे शल्य आम्ही विसरत नाही. तथापि आपल्या श्रद्धेपायी परभाषेचे वळण अंगी बाणविण्याची त्यांची साधना वंदनीय होय. शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी. आमच्या मुलांची मराठी विरत चालली आहे. जन्मतः लाभलेली ओवी आम्ही तितक्या निष्ठेने अभ्यासतो काय?