व्यायामाची माफी

दिवाळीची सुटी संपून कॉलेज सुरू झालें, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं माझ्या टेबलावर एक अर्ज येऊन पडला. पहिल्या वर्षाच्या वर्गाचा पालक-शिक्षक या नात्यानें असले अर्ज माझ्याकडे नेहमींच येतात. कोणाला फी हप्त्यानें भरावयाची असते, कोणाला बहिणीच्या लग्नासाठीं रजा हवी असते. हा अर्ज एका विद्यार्थिनीचा होता. शारीरिक शिक्षणाच्या तासांतून आपल्याला माफी मिळावी अशी तिची विनंति होती, आणि कारणाच्या जागीं दोनच शब्द होते : ‘प्रकृति नाजूक.’

मीं सही करण्यासाठीं पेन उघडलें आणि थबकलों. ते दोन शब्द माझ्या चांगल्या ओळखीचे होते. छत्तीस वर्षांपूर्वीं, मी स्वतः पहिल्या वर्षांत असतांना, अगदीं याच शब्दांचा अर्ज मीं केला होता. त्याला आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांचें प्रमाणपत्र जोडलेलें होतें, आणि तें धादांत खोटें होतें. माझी प्रकृति चांगली ठणठणीत होती. नाजूक होता तो माझा अभिमान.

आमच्या कॉलेजांत त्या वेळीं पहिल्या वर्षाला व्यायाम सक्तीचा होता. सकाळीं सात वाजतां मैदानावर जमावयाचें. शिक्षक शिट्टी वाजवीत, आम्ही शंभर मीटर धांवत असूं, आणि घड्याळांत जे सेकंद पडतील ते मोठ्यानें पुकारून वहींत मांडले जात. पहिल्याच आठवड्यांत मी सगळ्यांच्या मागून पोंचलों. माझा आंकडा पुकारला गेला तेव्हां मैदानावर जो हंशा पिकला, तो आजहि माझ्या कानांत आहे. लांब उडींत मी वाळूच्या अलीकडेच पडलों. गोळा फेकावयास गेलों तर तो माझ्या पायाशींच बसला. धांवतांना हात कसे हालवावे, उडी घेण्यापूर्वीं पाऊल कोठें टाकावें, गोळ्याला लागणारा जोर तळपायापासून निघून कमरेंतून खांद्यापर्यंत कसा चढत येतो, हें मला कोणीहि सांगितलें नाहीं. मोजण्याचें काम चोख होतें. शिकविण्याचें काम कोणाच्याच वांट्याला आलेलें नव्हतें. आठव्या दिवशीं मी प्रमाणपत्र घेऊन हजर झालों. पुढें त्या तासाला मी ग्रंथालयांत बसूं लागलों, आणि हॅझलिटचा पायीं प्रवासावरील निबंध तेथेंच प्रथम वाचला. चालण्याच्या सुखावरचें तें लिखाण मी चालावयाचें टाळून वाचीत आहें, यांतला विनोद मला तेव्हां कळला नाहीं.

या माफीची किंमत मोजावयाची वेळ यावयाला तीस-पस्तीस वर्षें लागलीं. मी राहतों तें बेगडेवाडी हें पुणें-लोणावळें मार्गावरचें देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधलें लहानसें स्थानक. लोकल येथें थांबल्यासारखें करते आणि निघते. जवळच शेलारवाडीची टेकडी आहे. तिच्या कड्यांत प्राचीन बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत, आणि त्यांतल्याच एका लेण्यांत घोरावडेश्वराची पिंडी आहे. महाशिवरात्रीला तेथें यात्रा भरते. एरवीं पहांटेपासून आसपासचीं माणसें केवळ पायऱ्या चढण्याच्या व्यायामासाठीं येतात. दोन वर्षांपूर्वीं शेजाऱ्यांच्या आग्रहास्तव मीहि जाऊं लागलों. चढतांना छाती लोहाराच्या भात्यासारखी हाले, पण गुडघे बिचारे मुकाट्यानें येत. त्यांची तक्रार सुरू झाली ती उतरतांना. महिनाभरांत अशी अवस्था झाली कीं बाजूच्या खडकाला हात टेकून, अंग आडवें करून, मी खेकड्यासारखा एकेक पायरी उतरूं लागलों.

डॉक्टरांनीं मला एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठविलें. तिनें ना गोळी दिली, ना लेप. ‘काका, जिना उतरून दाखवा बरं,’ ती म्हणाली. मी उतरलों. तिनें पुन्हां उतरावयास सांगितलें. असें पांच वेळां झाल्यावर ती म्हणाली, ‘काका, तुम्ही उतरत नाही. प्रत्येक पायरीवर पडता आणि शेवटच्या क्षणी सावरता.’ तीस वर्षें मी वर्गांत इतरांच्या शैलीवर टीका करीत आलों. इतकी नेमकी टीका मीं त्यांतल्या एकावरहि केली नसेल!

नंतर तिनें मला जें समजावून सांगितलें, तें मला अठराव्या वर्षींच कळावयास हवें होतें. सपाटीवर चालतांना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार येतो. जिना उतरतांना तो तिपटीहूनहि अधिक होतो. हा भार अलगद खालीं आणण्याचें काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचें. चढतांना ते आंखडत जाऊन काम करतात. उतरतांना मात्र ताणले जात असतांनाच त्यांना काम करावें लागतें. विहिरींत घागर सोडतांना आपण दोर हातांतून हळूहळू सोडतों, तसेंच हें. दोर एकदम सुटला तर घागर आपटते. माझ्या मांडींत दोर धरून ठेवण्याचें बळच उरलें नव्हतें, आणि घागर रोज आपटत होती. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशीं आपल्या मांड्या भरून येतात, त्याचेंहि कारण मुख्यतः हें उतरणेंच.

या विद्येला इंग्रजींत कायनेसिऑलॉजी म्हणतात. मूळ शब्द ग्रीक. अर्थ हालचालीचें शास्त्र. मराठींत तिला ‘गतिशास्त्र’ म्हणावें तर पदार्थविज्ञानवाले आपला हक्क सांगतात, आणि ‘चलनशास्त्र’ म्हणावें तर अर्थशास्त्राचे प्राध्यापक दचकतात. मी आपला ‘शरीरगतिशास्त्र’ म्हणतों. नांव बोजड आहे, पण विद्या जुनी आहे. बोरेल्ली या इटालियन पंडिताचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ या सालांत प्रसिद्ध झाला. हाड म्हणजे तरफ असें धरून स्नायूला किती जोर लावावा लागतो, याचा हिशेब त्यानें त्यांत मांडला आहे.

परंतु त्यासाठीं इटलीपर्यंत जावयाचें कारण नाहीं. बेगडेवाडीची लोकल जेथें जाऊन संपते, त्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें. पूर्वाश्रमींचे हे जगन्नाथ गणेश गुणे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविलेला हा पदवीधर. पुढें अमळनेरला अध्यापन केलेला शिक्षक. पण तरुणपणीं बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेंत राजरत्न माणिकरावांच्या हाताखालीं मेहनत करून तयार झालेला. उड्डियान आणि नौली करतांना पोटाच्या आंत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें आणि ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. तालीम आणि प्रयोगशाळा यांच्यामध्यें भिंत असण्याचें कारण नाहीं, हें त्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं दाखवून दिलें.

हे एकटेच होते असेंहि नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आरंभ १९१४ चा. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ काढलें तें १९२४ सालीं. व्यायाम-शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था कांदिवलीस १९३८ मध्यें निघाली. व्यायाम शिकविणारे शिक्षक घडविण्याची सोय महाराष्ट्रांत तीन पिढ्यांहून जुनी आहे, आणि आज त्यांच्या अभ्यासक्रमांत शरीररचना, शरीरक्रिया आणि शरीरगति हे रीतसर विषय आहेत. मग हें ज्ञान साध्या विद्यार्थ्यापर्यंत कां पोंचूं नये? तें शिक्षकाच्या पदवीपर्यंत येतें आणि तेथेंच मुक्काम करतें. मैदानावर उतरतात तीं शिट्टी, घड्याळ आणि हजेरीपत्रक. ज्याला खेळतां येतें त्याला संघांत घ्यावयाचें, आणि बाकीच्यांची हजेरी मांडावयाची, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर गहुंज्याला २०१२ सालीं क्रिकेटचें एक भव्य मैदान झालें. बावीस जणांनीं खेळावें आणि हजारोंनीं बसून पाहावें, हें तेथें शोभतें. कॉलेजच्या तासाला तें शोभत नाहीं.

येथें थोडें गणित करून पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ मध्यें पदवी-अभ्यासक्रमाची जी चौकट आंखली, तींत योग, खेळ आणि तंदुरुस्ती यांना जागा दिलेली आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक, म्हणजे मुलांच्या भाषेंत एक क्रेडिट, आठवड्याला दोन तासांचा. पंधरा आठवड्यांत तीस तास. आतां जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढ माणसाला आठवड्याकांठीं मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटें हालचाल सांगितली आहे. म्हणजे एकहि तास न चुकविणारा आमचा विद्यार्थी १२० मिनिटांवर थांबतो, आणि सोळाव्या आठवड्यांत शून्यावर येतो! तेव्हां एवढ्या तासांत व्यायाम करवून घेऊन कोणाचें शरीर घडेल, ही आशाच व्यर्थ आहे. त्यांत होण्यासारखी गोष्ट एकच : पुढच्या पन्नास वर्षांत हें शरीर कसें वापरावें, हें शिकवितां येईल. नाडी कशी मोजावी, भरलेली बादली कशी उचलावी, पायरी कशी उतरावी, थकवा कोणता आणि दुखापत कोणती. याला तीस तास भरपूर आहेत. आणि ही शिकवण पहिल्या येणाऱ्यापेक्षां शेवटच्या येणाऱ्याला अधिक हवी आहे.

हे विचार मनांत घोळत असतांनाच मीं त्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलें. ‘काय होतं तुला?’ असें विचारलें तर ती खालीं मान घालून उभी. मावळांतल्या एका आंतल्या गांवाहून ती कामशेतला येते आणि तेथून लोकल धरते. हळूहळू हकीगत बाहेर आली. आषाढांत घरची भातलावणी, आतां कार्तिकांत कापणी. पहांटे उठून वैरणपाणी करावयाचें, आणि सुटीच्या दिवशीं हातांत विळा. कंबर धरलेली होती. मैदानावर धांवतांना तींत कळ आली, म्हणून ती मध्येंच थांबली, आणि मागून कोणीतरी हंसलें.

‘सर, घरी काय कमी व्यायाम होतो का?’ ती शेवटीं म्हणाली.

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. जिनें वर्गांतल्या कोणाहूनहि अधिक कष्ट केले होते, तिलाच ‘प्रकृति नाजूक’ असें लिहावें लागलें होतें. माझ्या अर्जांतले शब्द आणि तिच्या अर्जांतले शब्द तेच. पण मीं ते आळ टाळण्यासाठीं वापरले होते, आणि तिला दुसरे शब्दच मिळाले नव्हते. माझी गोष्ट तिला सांगावी असें फार मनांत आलें. सांगवली नाहीं. ती मी येथें प्रथमच सांगत आहें.

तिला घेऊन मी आमच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडे गेलों. मनांत थोडा राग होता; पण त्यांची खोली पाहून तो ओसरला. एक तरुण शिक्षक, चारशे नांवांचें हजेरीपत्रक, आणि खणांत त्यांचीं स्वतःचीं विद्यार्थिदशेंतलीं टिपणें, स्नायूंच्या आकृत्यांनीं भरलेलीं. ‘हे सगळं शिकलोय सर,’ ते म्हणाले, ‘पण शिकवायला कधी कोणी सांगितलं नाही.’

त्यांनीं तिला विचारलें, ‘भात कापताना कशी वाकतेस, दाखव बघू.’ ती वांकली. गुडघे ताठ, पाठीची कमान, सगळा ताण कमरेवर. माणसाचें धड ही एक लांब तरफ आहे. ती पुढें झुकली कीं पाठीच्या स्नायूंना ती सतत तोलून धरावी लागते. त्यांनीं तिला कमरेऐवजीं खुब्यांतून वांकावयास शिकविलें : गुडघे किंचित् सैल, पाठ सरळ. तिनें दोनदां करून पाहिलें, आणि म्हणाली, ‘इथं ठीक आहे सर. पण लावणीला गुडघाभर चिखलात दिवसभर असं कोण उभं राहील?’

शिक्षक क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘खरं आहे तुझं. मग निदान थोड्या थोड्या वेळानं उभं राहून पाठ मागं न्यायची. आणि लावणीच्या आधी तीन महिने पाठ नि मांड्या तयार करायच्या. पहिलवान कुस्तीच्या आधी तालीम करतो ना, तसं.’ घरच्या कष्टांत आणि व्यायामांत काय अंतर आहे, याचें उत्तर मला तेथें मिळालें. कुस्ती खेळून कोणी कुस्तीची तयारी करीत नाहीं. तिच्या कमरेला मात्र तें कितपत उपयोगीं पडेल, हें आषाढांत दिसेल.

मीं त्या अर्जावर सही केली नाहीं, आणि तो नामंजूरहि केला नाहीं. माफी मागणाऱ्या अकरा जणांची शिक्षकांनीं एक निराळी तुकडी केली आहे. दर गुरुवारीं दुपारीं ती जुन्या इमारतीच्या जिन्याशीं जमते. चढणें, उतरणें, वांकणें, उचलणें एवढाच तिचा अभ्यासक्रम. माझा गुडघा पुष्कळ सुधारला असला, तरी घोरावडेश्वराच्या पायऱ्या मी अजून मोजून-मापूनच उतरतों. तेव्हां मीहि तेथें जातों.

पहिल्या गुरुवारीं ती विद्यार्थिनी हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘सर, या तासाची हजेरी लागेल ना?’ लागेल, असें मीं तिला आश्वासन दिलें. शिक्षकांनीं अकरा नांवें वाचलीं, अकरा जणांनीं ‘हजर’ म्हटलें, आणि आम्ही बारा जण जिना उतरूं लागलों. पटावर माझें नांव अर्थातच नव्हतें. छत्तीस वर्षांपूर्वीं होतें, तेव्हां मी गैरहजर होतों.